पहिलीला शिकवायचंय? मग आधी डी.एल.एड.

बारावी झाली आणि लहान मुलांनाच शिकवायचं असं मनात पक्कं असेल, तर सरळ डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या दोन वर्षांच्या पदविकेला, प्रवेश घ्या. "आधी पदवी, मग बी.एड. कर, म्हणजे प्राथमिकलाही चालतं आणि हायस्कूललाही" असं सांगणारे काका, मामा, क्लासवाले सर अजूनही भेटतात. त्यांचं ऐकू नका.

हा सल्ला एके काळी खरा होता, म्हणून तर माणसं फसतात. 28 जून 2018 च्या अधिसूचनेने एनसीटीईने (शिक्षकांची पात्रता ठरवणारी राष्ट्रीय परिषद) बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं. नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत प्राथमिक शिक्षणाचा सहा महिन्यांचा पूरक ब्रिज कोर्स करायचा, एवढीच अट होती. त्याच भरवशावर मी बी.ए., बी.एड. केलं, सीटीईटीचा (केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर 1 पास झाले. आणि 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. त्याआधी नेमणूक झालेल्यांना नंतर संरक्षण मिळालं. आम्ही रांगेत उभे असलेले बाहेर राहिलो. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून नीट समजून घ्या. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर 1. डी.एल.एड.च्या जोडीला पदवी आणि पेपर 2 असेल, तर सहावी ते आठवीही. पदवी आणि बी.एड. असेल, तर सहावीपासून वर. बी.एड. वरून खाली येत नाही, डी.एल.एड. मात्र पदवीच्या जोरावर वर सरकतं. हातात बी.एड. असलेल्यांनी घाबरून जाऊ नये, सहावी ते दहावी तुमचीच आहे. पण ओढ पहिलीचीच असेल, तर पुन्हा दोन वर्षं द्यावी लागतील. मी दिली. विद्यापीठातूनच शिकायचं असेल, तर बारावीनंतरचा चार वर्षांचा आयटीईपी आहे, त्यात पदवी आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्रच होतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवीच किमान पात्रता करायचं म्हटलं आहे. प्रवेश घेताना तो अभ्यासक्रम कोणत्या स्तरासाठी आहे, हे आधी बघा.

न्यायालयाचं म्हणणं होतं की लहान मुलांना शिकवण्याचं कौशल्य वेगळं असतं. डी.एल.एड.च्या आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावात, ते मला पटलं. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरीचा जोडवर्ग. दुसरीतली एक मुलगी "एकशे पाच" लिहायला सांगितलं की 1005 लिहायची. मी खोडून 105 लिहून द्यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा 1005. वर्गाच्या बाईंनी एका लांब पट्टीवर 100 लिहिलं, छोट्या चिठ्ठीवर 5 लिहिला आणि ती चिठ्ठी शेवटच्या शून्यावर ठेवायला लावली. मुलीने चिठ्ठी उचलली, खालचं शून्य पाहिलं, परत ठेवली. मग 108 तिने स्वतःहून लिहिले. ती शंभर पूर्ण लिहून पुढे पाच लिहीत होती, म्हणजे तिच्या चुकीला तर्क होता. बी.एड.मध्ये माझे सगळे पाठ नववीवर झाले होते. तिथे हे कुठून दिसणार?

त्यामुळे मार्गदर्शक म्हणून पहिलीच्याच बाई किंवा गुरुजी धरा. तालुक्यात व्याख्यानं देत फिरणाऱ्यांपेक्षा वर्षानुवर्षं पहिली न सोडलेला शिक्षक शंभर पटींनी बरा, हे माझं ठाम मत. बाजारातली तयार पाठ टाचणं (पाठाची लेखी आखणी) घेऊ नका. त्यात मुलांची उत्तरंही छापलेली असतात आणि खरी मुलं ती उत्तरं देत नाहीत. "कॉलेजला यायची गरज नाही, हजेरीचं आम्ही बघतो" असं जिथे सांगतील, तिथून त्याच पावली परत या.

टीईटीचा फार बाऊ करू नका. 150 गुण, उणे गुण नाहीत, खुल्या प्रवर्गाला 90 हवेत. परिसर अभ्यासासाठी तिसरी ते पाचवीची पाठ्यपुस्तकं ओळ न ओळ वाचा. पण टीईटी ही फक्त पात्रता आहे. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर गुणवत्ता यादी लागते ती 200 गुणांच्या टेटवर (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी), आणि ती परीक्षा दरवर्षी होत नाही. तेव्हा बुद्धिमत्तेचा सराव पहिल्या वर्षापासूनच रोज थोडा थोडा चालू ठेवा, जाहिरातीची वाट बघू नका.