ट्रायग्लिसराइड उतरत नाही? या चुका टाळा

रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) ३२० दिसलं की पहिली कुऱ्हाड पडते ती तेलावर. लोणी बंद, अंडं बंद. पण चहातली साखर, बिस्किटं आणि ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेला पेलाभर फळांचा रस चालूच. तीन महिन्यांनी आकडा जिथल्या तिथे. जास्तीची साखर आणि मैदा यांचं लिव्हर ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं, हे इथे विसरलं जातं. आकडा ५०० च्या आत असेल, तर आधी साखर, गोड पेयं, मैदा आणि दारू यांना हात घाला. मधही साखरच. फळ चावून खा, पिऊ नका. वजन ५ ते १० टक्के उतरलं, तर ट्रायग्लिसराइड साधारण २० टक्क्यांनी खाली येतं.

१००० च्या वर मात्र गणित बदलतं. खाल्लेली चरबीच रक्तातून हटत नाही. नमुना दुधासारखा पांढरट दिसतो आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. इथे ‘चांगली’ चरबीही मोजायची, अगदी ऑलिव्ह तेल आणि बदामसुद्धा. दिवसाच्या कॅलरीपैकी १० ते १५ टक्केच चरबीतून, म्हणजे १८०० कॅलरीच्या आहारात २० ते ३० ग्रॅम. एका लहान चमचाभर तेलात साडेचार ग्रॅम जातात, त्यामुळे अंदाजाने ओतू नका. दारू पूर्ण बंद. पोटात वरच्या बाजूला जोराची कळ येऊन ती पाठीत जात असेल आणि उलट्या होत असतील, तर अॅसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहू नका, थेट इमर्जन्सीत जा.

औषधांतली नेहमीची फसगत म्हणजे दुकानातलं फिश ऑइल. डब्यावर १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, पण ते तेलाचं वजन. मागचं लेबल वाचा: ईपीए आणि डीएचए (त्यातली कामाची ओमेगा-३ चरबी) मिळून बहुधा ३०० च्या आसपास. उपचाराचा डोस या दोन्हींचा मिळून रोज ४ ग्रॅम असतो, आणि तो डॉक्टरांनी ठरवायचा. तेरा कॅप्सूल गिळून तो गाठायचा नाही.

फेनोफायब्रेट या ट्रायग्लिसराइड उतरवणाऱ्या औषधाच्या १६० आणि २०० मिलिग्रॅमच्या बऱ्याच गोळ्या रिकाम्या पोटी नीट शोषल्या जात नाहीत, त्या जेवणासोबतच घ्या. १४५ ची बहुधा कधीही चालते. ब्रँड बदलला तर हे पुन्हा विचारा. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासलेलं हवं. जेमफायब्रोझिल (याच गटातलं औषध) आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) एकत्र नको, स्नायूंना इजा होऊ शकते. आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी परस्पर सोडली, तर तो परत चढतो.

सगळं पाळूनही उतरत नसेल, तर साखरेची पातळी, थायरॉइड, किडनी आणि चालू औषधं पाहून घ्या. स्टेरॉइड, तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन ही ट्रायग्लिसराइड वाढवतात. फेरतपासणी ४ ते १२ आठवड्यांनी, १० ते १२ तास उपाशी राहून (पाणी चालतं), आणि आधीचे दोन-तीन दिवस दारू न घेता. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर सूत्राने काढलेल्या एलडीएलवर (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) भरवसा ठेवू नका. ते थेट मोजून घ्या.