मेंदूच्या कर्करोगाने गेलेल्या मुलाची आठवण कशी जपावी

सर्वप्रथम मोबाइलमधील त्याच्या आवाजाच्या प्रती दोन ठिकाणी उतरवून ठेवाव्यात, कारण मेंदूतील गाठीमुळे अनेक मुलांची वाचा अडखळते आणि आजारापूर्वीचे बोलणे, ‘आये, होडी इली गे’ एवढे एकच वाक्य का असेना, पुढे घराला फार मोलाचे वाटते. कोकणच्या दमट हवेत छायाचित्रांना बुरशी धरते. ती पावसाळ्यापूर्वीच हवाबंद डब्यात ठेवावीत. मुंबईच्या रुग्णालयातील फायली घाईने फाडू नयेत.

स्मरणासाठी १५ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन निवडता येईल; मृत्यूच्या तिथीपेक्षा तो काहींना अधिक सोसवतो. झाड लावायचे असल्यास मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर आंब्याचे कलम लावावे.

सर्वांत जपावे ते भावंडांना. हा आजार संसर्गाने पसरत नाही आणि तो कोणाच्या चुकीमुळे किंवा दृष्ट लागून झालेला नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगावे, कारण मुले असे अपराधीपण न बोलता मनात बाळगतात.

शेजाऱ्यांनी गणपतीत दर्शनाला आल्यावर विषय टाळू नये, त्या मुलाचे नाव घ्यावे, आणि आईवडिलांना रडू आले तरी लगेच उठून जाऊ नये.