निपाणीत सेवेला येताय? मग हप्त्याचा वार आधी विचारा

बायबल कसं उघडायचं, प्रार्थना कशी घ्यायची हे तुम्हाला येतंच, त्यात मी पडत नाही. मी निपाणीच्या बिडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत काही वर्षं जातेय आणि पहिल्या वर्षी जे करून बसले ते आठवलं की अजून कान गरम होतात.

झालं असं, एका ताईच्या दारात मायक्रोफायनान्सचा पोरगा ठाण मांडून बसलेला आणि भोवती गटातल्या बाकीच्या बायका, त्या पण भडकलेल्या, कारण गटाच्या कर्जात एकीचा हप्ता चुकला की तो बाकीच्यांनी भरायचा. हप्ता 700 रुपये. मी पर्स काढली आणि भरून टाकला. त्या रात्री काय झोप लागली म्हणून सांगू!

पुढच्या मंगळवारी दोघी आल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी पाच. आणि त्याच दिवसांत आमची मंगळवारची घरसभा, म्हणजे वस्तीतल्या घरात भरणारी प्रार्थना, फुलायला लागली, सातच्या बावीस झाल्या, मी रिपोर्टात लिहिलं की वस्तीत देव काम करतोय, वर फोटो जोडले. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, "वस्तीत हप्ता कुठल्या वारी असतो?"

मंगळवारी.

बरं, त्या बायका लबाड होत्या असं अजिबात समजू नका. मजुरी हजार बिड्यांवर मिळते, पाला खराब आला तर बिड्या कमी भरतात, आणि मोजून घेणाऱ्यानं बाजूला काढलेल्या बिड्यांचा पैसा नाही. अशा घरात 700 रुपये देणारं माणूस मंगळवारी भेटत असेल तर मंगळवारी कोण येणार नाही? मी पण आले असते. चूक हिशोबाची होती आणि हिशोब माझा होता. त्यात पहिल्या ताईनं माझ्या भरवशावर दुसऱ्या कंपनीचंही कर्ज उचललं, हे मला चार महिन्यांनी कळलं. मी पैसे थांबवले तेव्हा घरसभेत पाच जणी उरल्या आणि ती ताई रस्त्यात तोंड फिरवून जायला लागली.

यात एक धोकाही आहे, तो मला तेव्हा दिसलाच नाही. कर्नाटकात 2022 साली जो धर्मांतरविरोधी कायदा झाला त्यात आमिष म्हणजे काय याच्या व्याख्येत भेटवस्तू, पैसे, धार्मिक संस्थेच्या शाळेत फुकट शिक्षण हे सगळं लिहिलंय. मी एका हातानं हप्ता भरत होते आणि दुसऱ्या हातात बायबल. कुणी तक्रार केली असती तर मी काय सांगणार होते? आणि अनुसूचित जातीच्या घरात कुणी बाप्तिस्म्याचं विचारलं तर राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही हे तोंडावर सांगा. लपवणाऱ्यांचा मला राग येतो, मग ते वयानं कितीही मोठे असोत.

घाबरू नका पण. पैशाशिवाय करण्यासारखं ढीगभर काम आहे. कन्नड वाचायला शिका, आधी हेच. घरात मराठी बोलणाऱ्या बाईच्या हातात कन्नड फॉर्म पडतो, राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2000 अडकतात कारण रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून सासऱ्याचं नाव. पीएफचं तर विचारूच नका, कारखान्यात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पैसे वर्षानुवर्षं पडून. बिडी कामगारांच्या पोरांना केंद्राची स्कॉलरशिप आहे, तिचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, तेवढं बसून भरून द्या. यात टाळ्या नाहीत, फोटो तर अजिबात नाही, नाडकचेरीत, म्हणजे तहसीलदाराच्या खालच्या सरकारी कचेरीत, चार चकरा मात्र पक्क्या. दोन दिवसांच्या ट्रेनिंगला बाहेरून येणारे पाहुणे यातलं काहीच सांगत नाहीत, त्यांच्यापेक्षा वस्तीतल्या एखाद्या आशाताईच्या मागं आठवडाभर फिरा.

बेळगावात लंडन मिशनचे लोक 1820 साली आले, दोनशे वर्षं होऊन गेली, तरी तुम्हाला दारात "तुम्ही कुठल्या कंपनीच्या?" असंच विचारतील. मला पण विचारलं होतं.

तोंड फिरवणारी ती ताई दीड वर्षानं स्वतःच आली, पीएफच्या नावाची दुरुस्ती करायला. घरसभा मी आता गुरुवारी ठेवते. आठ जणी असतात, त्यातल्या तिघी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतच बसतात.