लहान मुलांसोबत पाण्याची अ‍ॅक्टिव्हिटी घेणार असाल तर

चार ते सहा वर्षांच्या मुलांना नुकतंच शिकवायला लागलेल्यांसाठी लिहितेय. पाण्याचा खेळ म्हटलं की कपडे भिजतील, फरशी निसरडी होईल याचंच टेन्शन येतं, ते बरोबरच आहे, पण माझ्या मते खरी तयारी वेगळी लागते. काम असं आखायचं की एकट्या मुलाला ते जमूच नये. प्रत्येकापुढे एकेक मग ठेवला की "मिळून करा" असं कितीही सांगा, शेजारी शेजारी बसून जो तो आपापलं ओतत राहतो. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे जे प्रकार मांडले त्यात याला समांतर खेळ म्हटलंय. या वयात ते नॉर्मलच आहे, त्यावरून ओरडू नका, सामान कमी ठेवा.

मी प्लॅस्टिकचा पाईप उभा कापून पन्हळी करते, हातभर लांबीच्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. एका बाजूला स्टुलावर पाण्याचा टब, दुसरीकडे जमिनीवर रिकामी बादली, मधलं अंतर एवढं की एका पन्हळीने भागणार नाही. टेकू द्यायचा नाही, पन्हळी हातातच धरायच्या. चार-पाच जणांचा ग्रुप पुरे, एकाने ओतायचं, बाकीच्यांनी धरायचं.

आता जोडाकडे बघत राहा, सगळं शिकणं तिथेच होतं. वरच्या पन्हळीचं टोक खालचीच्या आत टेकायला हवं, पण मुलं बरेचदा उलटं ठेवतात, म्हणजे खालचीचंच टोक वर, आणि मग पाणी जोडाखालून थेट पायावर. तुम्हाला उत्तर माहीत असतं, सांगावंसं वाटतं, तरी गप्प राहा. फक्त "पाणी कुठून पळतंय?" एवढं विचारा. कुणीतरी खाली वाकतं, जोडाला बोट लावून बघतं आणि शेजारच्याला म्हणतं, "तुझी खाली घे ना!" तसंच मधल्याचा हात दुखून खाली आला की तिथे खोलगट होतं, पाणी तुंबतं, काठावरून सांडतं, मग सगळे ओरडतात हात वर कर. पाणी उताराकडे जातं हे त्यांना असं कळतं, गुरुत्वाकर्षण हा शब्द एवढ्यात नको.

ओतण्याआधी दरवेळी विचारायचं, "कुठे जाईल?", आणि प्रत्येकाला बोटाने दाखवू द्यायचं. अंदाज चुकला तर सुधारू नका, पाणी दाखवेलच. आणि हो, दर फेरीला कामं बदला, नाहीतर जो मोठ्याने बोलतो तोच शेवटपर्यंत ओतत बसतो.

एका गोष्टीत अजिबात ढिलाई नको. लहान मूल अगदी थोड्या पाण्यातसुद्धा बुडू शकतं, त्यामुळे पाठ फिरवायची नाही आणि खेळ संपला की टब लगेच रिकामा करायचा. १० लिटर पाणी म्हणजे १० किलो वजन, भरलेली बादली मुलांना उचलू देऊ नका, अर्ध्या लिटरचे मग द्या.

नंतर पाण्याचा रस्ता कागदावर काढायला सांगा. गळती कुठे झाली ते बरीच मुलं न सांगता काढतात, त्यावरून कुणाला काय दिसलं ते तुम्हाला समजतं.

एवढं जमायला लागलं की बादली टबपेक्षा उंच ठेवून बघा. यात वाद खूप होतात, म्हणून त्या दिवशी दुसरं काही घेऊ नका.