बायोटाईटवरून ग्रॅनाईटचं मूळ ठरवताना या चुका टाळा

प्रोबवर, म्हणजे खनिजाच्या बारीक कणाची रासायनिक घडण मोजणाऱ्या उपकरणावर, बायोटाईट (काळा अभ्रक) तपासायचं आणि लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साईडांच्या त्रिकोणी आलेखावर बिंदू टाकायचे, ही अब्देल-रहमान यांची १९९४ची पद्धत भूविज्ञानाच्या अनेक प्रबंधांत दिसते. पद्धत चांगली आहे. घोळ होतो तो आलेखाच्या आधी आणि नंतर.

सगळ्यात महागात पडते ती बदललेल्या बायोटाईटची चूक. ग्रॅनाईट थंड होताना गरम पाणी फिरतं आणि बायोटाईटचं क्लोराईट हे हिरवं खनिज होऊ लागतं. पोटॅशियम निघून जातं, टायटॅनियम बाहेर पडून टायटनाईट या खनिजाचे बारीक कण होतात. अशा कणाचा बिंदूही आलेखावर कुठे ना कुठे पडतोच, पण तो शिलारसाबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून आधी खडकाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहा. पाटनरेषांच्या (खनिज जिथे सहज फुटतं त्या रेषांच्या) कडेने हिरवट पट्टे आणि क्रॉस निकॉलखाली (एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमधून पाहताना) विचित्र निळसर रंग दिसला, तर तो कण सोडा. नुसत्या हिरव्या रंगावर मात्र जाऊ नका. फेरिक लोह जास्त असलेलं ताजं बायोटाईटही हिरवं असू शकतं. मग आकडे तपासा: ताज्या बायोटाईटमधल्या सगळ्या ऑक्साईडांची बेरीज साधारण ९४ ते ९६ टक्के येते, कारण प्रोब पाणी मोजत नाही. पोटॅशियम ऑक्साईड ९ टक्क्यांच्या आसपास हवं. ते ८च्या खाली आणि बेरीज ९०च्या खाली गेली, की क्लोराईट मिसळलंय असं समजा. शिलारसातून आलेलं बायोटाईट आणि नंतर बदललेलं बायोटाईट वेगळं करायला नाशित आणि सहकाऱ्यांचा २००५चा टायटॅनियमवर आधारलेला आलेख आहे. तो आधी वापरा.

लोहाचा हिशेबही बघा. हा आलेख एकूण लोह फेरस ऑक्साईड म्हणून मागतो. तक्त्यात ते फेरिक ऑक्साईड म्हणून दिलं असेल, तर ०.९ ने गुणल्याशिवाय बिंदू टाकू नका.

आता नावाची चूक. या आलेखातले तीन भाग म्हणजे शिलारसाचे तीन प्रकार: अल्कलाईन (सोडियम-पोटॅशियम जास्त असलेला), पेरॲल्युमिनस (ॲल्युमिनियम जास्त असलेला) आणि कॅल्क-अल्कलाईन (कॅल्शियमही बऱ्यापैकी असलेला). पेरॲल्युमिनस भागात बिंदू पडला की लगेच 'एस-टाईप' लिहून टाकणं हा अन्याय आहे. चॅपल आणि व्हाईट यांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लॅकलान पट्ट्यातून आय आणि एस हे प्रकार मांडले, ते मूळ खडक अग्निज होता की गाळाचा यावरून. खूप विभेदन झालेला (स्फटिक वेगळे होत गेल्याने उरलेल्या शिलारसाची घडण बदललेला) आय-टाईप ग्रॅनाईटही सौम्य पेरॲल्युमिनस होतो, त्यात मस्कोव्हाईट (पांढरा अभ्रक) हेही येऊ शकतं. कॉर्डिएराईट हे ॲल्युमिनियमयुक्त खनिज सापडलं, तर एस-टाईपचा दावा भक्कम होतो. लॅकलानमध्ये सिलिका वाढताना आय-टाईपमधलं फॉस्फरस घटत जातं, एस-टाईपमध्ये ते टिकतं किंवा वाढतं. म्हणून फॉस्फरस धरून ठेवणाऱ्या ॲपेटाईट या खनिजाकडे दुर्लक्ष करू नका.

आपल्याकडचा फरक शिकायला हिमालय उत्तम. लडाख बॅथोलिथमध्ये (खोलवर थिजलेल्या अग्निज खडकांच्या प्रचंड राशीत) हॉर्नब्लेंड हे गडद खनिज आणि बायोटाईट एकत्र दिसतात. तो टेथिस महासागराचा तळ आशियाखाली जाताना तयार झाला. नेपाळच्या मनास्लूचा फिकट ग्रॅनाईट मात्र मस्कोव्हाईट आणि टूर्मलिन या खनिजांचा, गाळाच्या रूपांतरित खडकांच्या वितळण्यातून आलेला. या दोन्हींचं बायोटाईट एकाच आलेखावर ठेवून पाहा, आणि स्वतःचे बिंदू त्यानंतरच टाका.