गेमच्या डिस्कवर चरे पडलेत? घासायला घेण्याआधी हे बघा

चरे पडलेली डिस्क हातात आली की बहुतेकांचा हात आधी टूथपेस्टकडे जातो. नाशिकला मी कन्सोल आणि जुने पीसी दुरुस्त करते. माझ्या टेबलावर अशा घासून घासून पांढुरक्या झालेल्या डिस्क सतत येतात, आणि त्यातल्या कित्येकींना पॉलिशची गरजच नसते. तेव्हा आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधा.

सुरुवातीला ड्राइव्हमध्ये दुसरी एखादी चांगली डिस्क घालून बघा. तीही अडखळली तर दोष लेन्सचा आहे, डिस्क बाजूला ठेवा. ती नीट चालली तर मूळ डिस्कच्या लेबलमागे मोबाइलचा टॉर्च धरा आणि खालच्या बाजूने पाहा. सीडीमध्ये माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेसारखा पातळ लेप. लेबलवर चरा गेला असेल तर टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात. तिथली माहिती गेली, ती कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. मधल्या भोकाजवळ तडा दिसला तर ती डिस्क ड्राइव्हमध्ये घालूच नका. ५२ एक्स वेगाच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, तडकलेली डिस्क आतच फुटते.

आता चकचकीत बाजू. ट्यूबलाइटखाली तिरकी धरा आणि चऱ्यावरून नख हलकेच फिरवा. नख अडकलं नाही तर चरा उथळ आहे, आशा भरपूर. केंद्राकडून कडेकडे सरळ गेलेला चरा फारसा त्रास देत नाही, कारण लेझर प्रत्येक फेरीत तो क्षणभरच ओलांडतो. सीडीच्या त्रुटीदुरुस्तीला सलग सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड भरून काढता येतो. पण ट्रॅकच्या दिशेने गोल गेलेला बारीकसा चराही बरीच सलग माहिती झाकून टाकतो. म्हणूनच डिस्क कधीही गोल गोल पुसायची नाही, मधून बाहेर सरळ पुसायची.

घासण्याआधी धुवा. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि बोटाच्या पेरानेच मधून बाहेर. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या डिस्कवर बुरशीचे पुसट डाग धरतात, बोटांचे तेलकट ठसे तर असतातच. पुष्कळ डिस्क एवढ्यानेच चालू लागतात. मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्या, सदऱ्याच्या टोकाने नको.

तरीही चालली नाही तर पॉलिश, पण डिस्क कुठली ते पाहून. सीडीचं प्लास्टिक १.२ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे घासायला भरपूर वाव. डीव्हीडी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनते आणि माहिती त्यांच्या मधोमध असते, तिथे हात जपून चालवा. ब्लू-रेमध्ये, म्हणजे प्लेस्टेशन ३ पासूनच्या डिस्कमध्ये, माहितीवर जेमतेम ०.१ मिलिमीटरचा थर आणि त्यावर कडक लेप असतो. ब्लू-रे घासायची नाही, मशीनवरही नाही. लेप गेला की डिस्क गेली.

प्लास्टिकचं पॉलिश मिळालं तर उत्तम. नसेल तर जेल नसलेली साधी पांढरी टूथपेस्ट उथळ चऱ्यापुरती चालते. स्वच्छ सुती कापड पसरून त्यावर डिस्क लेबल खाली करून ठेवा, खाली धुळीचा कण राहू देऊ नका. चऱ्यावर थोडं पॉलिश घेऊन मधून बाहेर, हलक्या दाबाने चोळा. मग धुवा, उजेडात बघा, चालवून बघा. चरा दिसेनासा होईपर्यंत घासत बसू नका. लेझरला वाचता आलं की थांबायचं.

आणि ती वाचली जातेय तोवरच बॅकअप घ्या. खराब डिस्कसाठी डीडीरेस्क्यू हे मोफत साधन मला सगळ्यात जवळचं वाटतं. ते आधी सोपा भाग उचलतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि मग त्यांच्याकडे पुन्हा वळतं. तीच नोंद वापरून उरलेले तुकडे दुसऱ्या ड्राइव्हवर वाचता येतात. एका ड्राइव्हला न वाचलेलं दुसऱ्याला वाचता येतं, हे मी नेहमी बघते. प्लेस्टेशन १ च्या अनेक गेममध्ये मात्र डेटासोबत संगीताचे ट्रॅकही असतात. तिथे आयएसओ, म्हणजे फक्त डेटाची एकच फाइल, काढलीत तर संगीत मागे राहतं, बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडीच काढायला हवी. कॉपी झाल्यावर तिचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून काढलेला ओळखीचा आकडा, रीडंप या मूळ डिस्कची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळाच्या यादीशी ताडून बघा. जुळला तर प्रत अस्सल आणि अखंड आहे.

आता कॉपी प्रोटेक्शन, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप. इथे लोक विनाकारण डिस्कचा जीव घेतात. एक मुलगा वडिलांची जुनी पीसी गेम घेऊन आला होता. "कॉपी करताना एरर येतायत ताई, चरे काढून द्या." डिस्क आरशासारखी स्वच्छ होती. सेफडिस्क या पीसी गेमवरच्या कुलपाच्या पहिल्या पिढीत न वाचता येणारे सेक्टर, म्हणजे माहितीचे छोटे कप्पे, मुद्दामच ठेवलेले असत, म्हणजे कॉपी अडेल आणि गेमला अस्सल डिस्क ओळखता येईल. फरक ओळखायचा असा: धुतल्यावर, दुसऱ्या ड्राइव्हवरही, एरर सुरुवातीच्या त्याच त्या सेक्टरांवर येत असतील तर ते प्रोटेक्शन. जागा बदलत असतील, काही एरर कमी होत असतील, तर चरा. पहिल्या प्रकारात पॉलिशला हात लावू नका.

सिक्युरॉम या दुसऱ्या कुलपाच्या काही आवृत्त्या डिस्कवरच्या माहितीची घनता मोजतात. प्लेस्टेशन १ तर डिस्कच्या सुरुवातीच्या भागातल्या खाचेच्या सूक्ष्म हेलकाव्यांतून प्रदेशाचा कोड वाचतो. कोऱ्या सीडीवरची खाच कारखान्यातच पडलेली असते, त्यामुळे घरच्या रायटरला ते हेलकावे उमटवता येत नाहीत. म्हणजे बॅकअप माहिती वाचवतो, कुलूप मात्र मूळ डिस्कमध्येच राहतं. कॉपी मिळाली म्हणून मूळ डिस्क रद्दीत टाकू नका. प्लेस्टेशन १ ची प्रत पीसीवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवा आणि मूळ डिस्क डबीत जपा.

विंडोज १० वर गेम चालत नाही म्हणूनही डिस्क माझ्याकडे येतात. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये सेफडिस्कचा ड्रायव्हर काढूनच टाकलेला आहे, त्यामुळे कोरी करकरीत डिस्कसुद्धा तिथे चालत नाही. अशा वेळी आधी कंपनीचा शेवटचा अधिकृत पॅच शोधा. स्टारक्राफ्ट, वॉरक्राफ्ट ३ आणि डायब्लो २ यांना २००८ मध्ये आलेल्या पॅचनंतर सीडी लागेनाशी झाली. अनेक जुन्या गेम गॉग या ऑनलाइन दुकानात कुलुपाशिवाय विकत मिळतात. केसवरच्या सीडी-कीचा फोटो आजच काढून ठेवा, तो छापील कागद लवकर पुसट होतो.

कायद्याचंही बरेच जण विचारतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ विकत घेतलेल्या प्रोग्रामची नाश किंवा नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप प्रत काढू देतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ अ हक्कभंगाच्या हेतूने प्रोटेक्शन तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे स्वतःच्या डिस्कची स्वतःसाठी प्रत ठेवणं वेगळं, ती वाटणं किंवा विकणं वेगळं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांनी हे गृहीत धरू नये, तिथला १९९८ चा कायदा कुलूप तोडण्याच्या बाबतीत बराच कडक आहे.

ब्लू-रे गेली असेल तर सेकंडहँड डिस्क शोधणं हाच सरळ मार्ग. तुमचा सेव्ह कन्सोलमध्ये शाबूत असतो, पण तो गेमच्या त्या आवृत्तीशी बांधलेला असतो. म्हणून पैसे देण्याआधी डिस्कवरचा कोड जुन्या डिस्कवरच्या कोडशी जुळवून घ्या. दुसऱ्या प्रदेशाची डिस्क आली तर सेव्ह उघडेलच असं नाही, आणि विकत घेतलेले जादा भागही चालणार नाहीत.