नागपुरात राहून मानववंशशास्त्र आणि स्त्री-अभ्यासात करिअर कसं करायचं

सगळ्यात आधी घरच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेव, कारण तो येणारच. मी सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "म्हणजे काय वं, हाडं मोजत बसणार का?" आता मोजतात ना, शारीरिक मानवशास्त्रवाले मोजतात, पण आपण इथे बोलून राहिलो ते नातेसंबंध, लग्न, जात, बायांचं काम यांच्या अभ्यासाबद्दल.

आत्याला सरळ मानवशास्त्रज्ञ लीला दुबेंचं उदाहरण द्यायचं. जन्म 1923, म्हणजे आपलं विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षीचा, आणि पीएचडीचा प्रबंध गोंड बायांवर, तोही याच नागपूर विद्यापीठातला. मग मध्य प्रदेशातल्या सागरच्या विद्यापीठात बरीच वर्षं शिकवलं, 1969 मध्ये लक्षद्वीपच्या मुसलमानांवर पुस्तक, जिथे वंश आईकडून चालतो. पुढे स्त्रियांच्या दर्जाबद्दल सरकारने नेमलेल्या समितीत होत्या, त्या समितीचा अहवाल आला 1974 ला, आणि दर हजार पुरुषांमागे बायांचं प्रमाण 1901 च्या 972 वरून 1971 ला 930 वर आल्याची चर्चा त्यानंतरच जोरात सुरू झाली. 1980 च्या दशकात गर्भलिंग तपासणीवर वाद पेटला तेव्हा काही शहाणे म्हणत होते की मुली कमी झाल्या की त्यांचा भाव आपोआप वाढेल. दुबेंनी ठणकावून लिहिलं की असं होत नाही, बाई काय बाजारातली वस्तू आहे का, उलट पळवापळवी आणि जबरदस्ती वाढेल. हे त्यांना सुचलं कारण नात्यागोत्याचा अभ्यास पक्का होता, नुसत्या आकड्यांवर हे दिसत नाही.

डिग्रीचं लवकर उरकते. बीए कशातही असो, चालते. एमए मानवशास्त्रात कर किंवा स्त्री-अध्ययनात. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात दोन्ही विभाग आहेत, गाडीने जाऊन-येऊन जमते पण माध्यम हिंदी, हे आधीच डोक्यात ठेव. पुण्याला जाणं परवडत असेल तर तिथल्या विद्यापीठात स्त्री-अभ्यास केंद्र 1987 पासून आहे. मग नेट, म्हणजे कॉलेजात शिकवायला लागणारी पात्रता परीक्षा, खुल्या गटाला एमएला 55 टक्के लागतात, दोन पेपर मिळून 150 प्रश्न, 300 मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नको. शिकवण्याशिवाय भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणाचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे, त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेव. एनजीओत पण काम मिळते पण तिथे रिपोर्टच्या डेडलाइनी इतक्या असतात की विचार करायला वेळ उरत नाही, हे माझं मत.

खरं शिकणं फिल्डवर, आणि त्यासाठी बस्तरला जायची गरज नाही. आपल्या गल्लीतल्या भुलाबाईपासून सुरू कर. कोजागिरीच्या आसपास पोरी गाणी म्हणतात, खिरापत ओळखतात, आपण नुसतं खाऊन येतो. यावेळी वही घेऊन बस. सासर किती गाण्यांत येते, माहेर किती, कोण रागावते, कोण घ्यायला येते, आठ वर्षांच्या पोरीला हे सगळं तोंडपाठ कसं. दुबेंनी 1988 ला हिंदू मुलींच्या घडणीवर लेख लिहिला तो याच दिशेने जातो, तो गाणी लिहून घेतल्यावर वाच, आधी नको.

दुसरं, ऐतिहासिक कागद शोध. जाईबाई चौधरी नागपूर-कामठी डोक्यावर ओझं वाहायच्या आणि पुढे त्यांनीच मुलींची शाळा काढली. जुलै 1942 मध्ये दलित महिलांची मोठी परिषद याच शहरात झाली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. तुझ्या ओळखीत कोणाच्या आजीला, मावशीला त्या दिवसांबद्दल ऐकलेलं काही आठवते का विचार, आणि लवकर विचार, म्हाताऱ्या माणसांचं काही खरं नसते.

आता माझा घोळ. पहिल्यांदा एका बीडी वळणाऱ्या वहिनीकडे गेली, मांडीवर सूप, बाजूला भिजवून कापलेली पानं, बोटं इतकी भरभर की माझं लक्ष प्रश्नांवर राहिलंच नाही. मी विचारलं, "दिवसाला किती होतात?" उत्तर सासूबाईंनी दिलं. "पैसे कोणाकडे असतात?" ते पण सासूबाईंनीच. दीड तास रेकॉर्डिंग, वहिनींचा आवाज फक्त "चहा ठेवू का" एवढाच. घरी येऊन मी चिडली, मग माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, बाप्पा, हाच तर डेटा आहे ना, कोण बोललं आणि कोण गप्प होतं ते लिही.

दुसऱ्यांदा गेली तेव्हा सोबत पानं कापायला बसली. वाकडीतिकडी कापली, त्या हसल्या. मग सांगितलं की बीड्या त्या वळतात पण कारखान्यात द्यायला नवरा जातो, छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या बीड्या, किती निघाली ते तोच येऊन सांगतो, म्हणून दर हजार बीड्यांच्या मजुरीचा हिशेब त्यांना स्वतःला कधीच नीट माहीत नसतो. हे त्या कात्रीकडे बघत बोलल्या. प्रश्नावलीत हा प्रश्नच नव्हता माझ्या.

म्हणून वही त्याच रात्री लिहायची, कितीही झोप येऊन राहिली असेल तरी. नावं बदलून, गल्ली बदलून, आणि रेकॉर्डर लावायच्या आधी विचारून. नाही म्हटलं तर बॅगेत टाकायचा आणि कात्री मागायची.